सतरा नंबर मी हलवला होता

अनघा,

तुझ्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी उठले, "फार हुशार होती पोरगी, फार जीव लावला तिने" एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं म्हातारीला हुंदका आला. हुंदका आला होता, खोटं कशाला बोलू, पण बसले ते त्यामुळे नाही. बोलायचं होतं ते तोंडाशी आलं होतं, आणि समोर समीर बसला होता, त्याच्या शेजारी तुझी आई. नवऱ्यासमोर नि आईसमोर ते कसं बोलू? गिळलं. तुझ्या हयातीतही तेच गिळत होते, आता सवयच झाली होती म्हण.

म्हणून लिहितेय. तुला गोष्ट क्रमाने सांगितलेली लागायची. "मावशी, फाटे फोडू नकोस" हे दिवसातून चारदा ऐकायचे मी. आज थोडे फुटतील, चालवून घे.

गोष्ट आहे सतरा नंबरची, त्या गुरुवारची. त्या दिवशी आपली चिप पहिल्यांदा हवी तशी चालली आणि नंतर पुन्हा कधी तशी चालली नाही. का चालली, ते तू सात आठवडे शोधत होतीस. ते मला ठाऊक होतं.

आता थोडं मागे जाते.

तू महाप्याच्या आपल्या प्रयोगशाळेत आलीस तेव्हा मी तिथे जुनी झाले होते. त्याआधी बावीस वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात भिंगाखाली सोल्डरिंग केलं. शिक्षण अकरावी, तीही अर्धी. कारखाना बंद पडला आणि आपल्या प्रयोगशाळेच्या साहेबांना, थॉमस सरांना, तेव्हा केसाएवढ्या तारा हात न थरथरता जोडणारं माणूस हवं होतं. मी गेले. चिप ज्याच्या तळाशी गार ठेवतात त्या फ्रिजच्या आतल्या तारा जोडल्या. आमच्या घणसोलीत माझ्या जावेला अजून वाटतं मी फ्रिज दुरुस्त करते. एकदा तर स्वतःचा फ्रिज उघडून बसली होती, "बघ गं, बर्फ का नाही होत" म्हणून. तुला हे सांगितलं तेव्हा चहा तुझ्या नाकातून आला.

"सांग तिला," तू म्हणालीस, "आमच्या फ्रिजच्या तळाशी आहे ना, तेवढं गार आकाशात ताऱ्यांच्या मधेसुद्धा नाही."

"सांगितलं."

"मग?"

"म्हणते, आइस्क्रीम छान होत असेल."

पण पहिल्या दिवशी तू हसली नव्हतीस. परदेशातून शिकून आलेली, केस घट्ट बांधलेले, हातात यादी. रॅकच्या मागे गेलीस आणि तिथूनच ओरडलीस, "हे स्वेटर कुणी विणलंय इथे?" मी प्रत्येक केबलला लोकरीच्या गाठी मारल्या होत्या ना. म्हटलं, मॅडम, लेबलं एसीत सुटून पडतात, लोकर पडत नाही. हिरवी पहिल्या रांगेची, तांबडी दुसऱ्या, मग गाठी मोजायच्या. तू एक केबल उचललीस, गाठी मोजल्यास, कागदावर पाहिलंस. दुसरी उचललीस. तिसरी. मग निघून गेलीस. मला वाटलं, संपलं, उद्या हे सगळं सोडायला लावणार. आठवड्याने माझ्या टेबलावर पिशवी आणि पिशवीत लोकरीचे बारा गुंडे, बारा रंगांचे. चिठ्ठी नाही, काही नाही. त्या दिवशी मी तुला मॅडम म्हणायचं सोडलं.

हे तिसरं कुणी वाचेल त्याच्यासाठी दोन शब्द सांगते, तू पुढे जा. तुझ्याइतकं नीट मला येणार नाही.

आपल्या क्वांटम संगणकाच्या चिपवर एकोणपन्नास क्यूबिट. एकेक क्यूबिट म्हणजे माहिती धरून ठेवणारी इवलीशी जागा. फार नाजूक. जरा ऊब लागली, जरा बाजूच्याचा धक्का लागला की धरलेलं सुटतं. म्हणून कुठलीच गोष्ट एकट्याकडे द्यायची नाही, पुष्कळ जणांनी मिळून धरायची. आणि त्यांच्या अधेमधे तपासणारे बसवायचे. गंमत अशी की धरणाऱ्याला थेट विचारायचं नाही, तू बरा आहेस का म्हणून. विचारलं की त्याने धरलेलं मोडतं. तपासणाऱ्याने फक्त एवढं बघायचं, आपल्या आजूबाजूच्या चौघांचं आपसात मघासारखंच जुळतंय का. त्यावरून ओळखायचं कुणाचं बिघडलं.

तू हे मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "यात काय नवीन? आमच्या आळीत सुनेला कुणी विचारत नाही कशी आहेस. शेजारणीला विचारतात, काल भांड्यांचा आवाज आला का."

तू हसलीस आणि मग थांबलीस. "मावशी, हे मी उद्या लेक्चरमध्ये वापरणार." वापरलंस. वर सगळ्यांना सांगितलंस की हे आमच्या मावशीचं.

तर असं जाळं जितकं मोठं तितकं कमी चुकलं पाहिजे. असं पुस्तकात. आपल्याकडे उलटं व्हायचं. छोटं जाळं कमी चुकायचं, मोठं जास्त. जितकी माणसं जास्त तितकी भांडणं जास्त, तसं. मोठं जाळं छोट्यापेक्षा शांत चालवून दाखवायचं, एवढ्यासाठी आपली सगळी धडपड. आणि ती धडपड म्हणजे काय, तर रोज सकाळची जुळवणी. काल नीट लावलेला क्यूबिट आज त्याच जागी नसतो. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी बघायची, त्याला द्यायचा ठोका किती जोराचा ते बघायचं, त्याचं उत्तर नीट वाचता येतंय का बघायचं. एकोणपन्नास जणांचं. रोज. तू याला कॅलिब्रेशन म्हणायचीस, मी जुळवणी म्हणायचे, आणि शेवटी थॉमस सरसुद्धा त्यांच्या त्या केरळी हिंदी-मराठीत विचारायला लागले, "जुलवनी हुआ क्या?"

आपलं भांडण जुळवणीवरूनच होतं. सात आठवड्यांचं नाही, दोन वर्षांचं.

तुझी पद्धत अशी की एकेकाला वेगळं घ्यायचं, बाकीच्यांना गप्प बसवायचं, आणि त्याला त्याच्या सर्वांत चांगल्या जागी लावायचं. सगळे आपापल्या जागी उत्तम झाले की मग एकत्र चालवायचं. मी म्हणायचे, हे चुकतंय. एकटा असताना उत्तम तो सगळ्यांत उत्तम असेलच असं नाही. आणि माझं बोट नेहमी सतरावर. सतरा नंबर एकटा असला की फार छान टिकायचा. पण त्याची ती छान जागा शेजाऱ्यांच्या जागांना चिकटून होती, आणि खालच्या बाजूला त्या थंडीत चिपमध्ये कुठेतरी एक बारीक खोट होती, ती त्याला ओढायची. खोटीपासून लांब राहायचं म्हणून तू त्याला फ्रिक्वेन्सीत वर ठेवायचीस. वर ठेवलं की तो शेजाऱ्यांना छळायचा. मी म्हणायचे, थोडा खाली आण. खोटीच्या थोडा जवळ जाईल, स्वतः थोडा कमी टिकेल, पण बाकीच्यांना शांतता मिळेल.

तुला माझ्या आत्याचं सांगितलं होतं. ती धवलारीण होती, आमच्याकडे लग्नात धवले गाणारी. हळदीच्या आधी घरी एकटीच गळा साफ करायची तेव्हा आवाज हा एवढा वर. मांडवात बाकीच्या बायका आल्या की खाली उतरायची. मी लहानपणी विचारलं तिला, का गं, तुझा चांगला आवाज का नाही लावत? म्हणाली, "सगल्या आल्या का आपन खाली यवाचं."

"आत्याचा डेटा पाठव," तू म्हणालीस.

"आत्या वारली."

"मग आपण ग्राफवरच जाऊ."

"अगं पण एकदा हलवून बघायला काय जातं तुझं?"

"मावशी, एकाला अंदाजाने हलवलं की उद्या दुसऱ्याला. मग बिघडलं तर कशामुळे बिघडलं आणि सुधारलं तर कशामुळे सुधारलं, मला काहीच कळणार नाही. तुझं बरोबर असेलही. पण मला असेलही नको, मला का ते हवंय."

तुझं हे वाक्य गेले तीन आठवडे माझी पाठ सोडत नाही. मला का ते हवंय.

आणि त्यासाठीच तुझा तो वहीचा नियम होता. संगणकाने जे लावलं ते फाइलमध्ये आपोआप जायचं, पण हाताने काही फिरवलं तर यंत्र ऐकायचं आणि फाइलला पत्ता नसायचा. म्हणून हाताने फिरवायच्या आधी वहीत लिहायचं, काय, किती, कुणी. आधी लिहायचं, मग हात लावायचा. थॉमस सरांनी एकदा लिहिलं नाही तर तू सर्वांसमोर त्यांना विचारलंस, "सर, वही कुठे आहे?" तीन बोटं टेबलावर आपटत. ते बिचारे साहेब असून उठून वही घेऊन आले.

मग तुझं ते निघालं. कँटीनच्या मागच्या बाकावर बसलो होतो. तू पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होतीस, आणि त्याच आवाजात म्हणालीस, "मावशी, गाठ निघालीये. पसरलीये थोडी." मी म्हटलं, शेंगदाणे खा, ताकद लागेल. मूर्खासारखं. तू खाल्लेस. एकेक करून सगळे खाल्लेस.

नंतर एक अट घातलीस, मला कशी आहेस विचारायचं नाही. "सगळे विचारतात आणि मला प्रत्येकाला उत्तर देत बसावं लागतं, त्यातच मी संपते." म्हणून मी समीरला विचारायचे. जेवली का, झोपली का, चिडचिड करते का. समीर हसायचा, म्हणायचा, मावशी, तुम्ही मला तपासनीस केलंय. तुला ते कळलं होतं, नाही? एकदा म्हणालीस, "तुझा आणि समीरचा फोन फार चालतो हल्ली." मी म्हटलं, रेसिपी विचारतो तो. तू म्हणालीस, "हो, वरणभात दिसतोच आहे तसा."

आता गुरुवार.

दुसरी केमो होऊन तू चार दिवसांनी कामावर आली होतीस, डोक्याला तो निळा रुमाल. घरी बस म्हणून सगळे सांगत होते, पण ऐकेल ती अनघा कसली. रीडआऊटची, म्हणजे क्यूबिटचं उत्तर वाचायची, नवी मांडणी तू आजारपणात घरी बसून तयार केली होतीस आणि ती त्या दिवशी लावायची होती. सकाळी लावलीस. अकरापर्यंत एकोणपन्नास जणांची जुळवणी झाली. तुला गरगरायला लागलं, तू आतल्या खोलीत जाऊन आडवी झालीस. म्हणालीस, अर्ध्या तासाने उठव, मग चालवू.

मी एकटी स्क्रीनसमोर. आणि समोर सतरा.

मी हलवला, अनघा. थोडासा खाली. वहीत लिहिलं नाही. मनात एवढंच होतं की दोन मिनिटं बघते आणि परत होता तिथे ठेवते, दोन मिनिटांसाठी कशाला वही काढायची. सगळ्या चुका अशाच होतात, हे मी पासष्टाव्या वर्षी कुणाला सांगू. एवढ्यात वॉचमन धावत आला, "मावशी, मागे पाणीच पाणी झालंय!" फ्रिजला गार पाणी पुरवणाऱ्या चिलरचा पाइप सुटला होता. मी पळाले. चिलर बंद पडला की फ्रिज गेला, हे आपल्याला रक्तात भिनलेलं. पाइप धरून बसले, क्लॅम्प आवळला, पुसलं. साडीचा घोळ ओला झाला तो पिळला. परत आले तर तू उठून चालवायला सुरुवात केली होतीस. आणि खरं सांगते, देवाशपथ, तेव्हा सतरा माझ्या डोक्यातून पुसला गेला होता. पाण्याबरोबर गेला.

मग स्क्रीनवर चुकांच्या दोन रेघा यायला लागल्या. छोट्या जाळ्याची आणि मोठ्याची. रोज मोठ्याची वर असायची. त्या दिवशी ती खाली गेली, आणि खालीच राहिली. तू उभी राहिलीस. मी तपासणाऱ्यांचा नकाशा बघितला, तर सतराच्या चारी बाजूंचे, जे रोज लालभडक असायचे, ते गप्प. एकदम गप्प. तेव्हा मला आठवलं.

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. आणि तू मला मिठी मारलीस. तुझा रुमाल सुटला, ते गुळगुळीत डोकं माझ्या खांद्यावर, आणि तू रडत रडत म्हणत होतीस, "मावशी, मोठं शांत आहे. मोठं छोट्यापेक्षा शांत आहे." थॉमस सर धावत आले. कुणीतरी पेढे आणले. मी पेढा खाल्ला.

तू सर्वांना सांगितलंस, नव्या रीडआऊटने झालं. बरोबरच होतं तुझं, दुसरं काही बदललंच नव्हतं. फाइलमध्ये तर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाने नेहमीप्रमाणे जुळवणी केली आणि सतराला त्याच्या त्या उत्तम जागी परत नेऊन ठेवलं. मोठ्याची रेघ पुन्हा वर. तू म्हणालीस, काहीतरी हललंय, शोधू. आणि शोधायला लागलीस.

सात आठवडे. हॉस्पिटलच्या खुर्चीत हाताला सुई लावलेली आणि मांडीवर लॅपटॉप. तुझे मेसेज यायचे. मावशी, त्या गुरुवारी एसी किती होता? मावशी, चिलरचा पाइप सुटला तेव्हा पाणी किती गरम झालं होतं? मावशी, ठाणे-बेलापूर रोडवर त्या दिवशी ट्रक कमी होते का, कंप कमी असेल का? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. खरंखुरं. जाऊन विचारून, बघून, लिहून पाठवलं. एकच सोडून सगळं सांगितलं तुला.

का नाही सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आणि दर वेळी चांगलं वाटेल ते उत्तर पुढे केलं. तुझा आनंद मोडायचा नव्हता, आजारी माणसाला कशाला, वगैरे. ते आहेच. पण तेवढंच नाही. तुझ्या त्या तीन बोटांची भीती होती. "वय झालं मावशींचं, घरी बसवा" असं कुणी म्हणेल, ही भीती होती. आणि आतल्या आत, सांगायला लाज वाटते, आपलं भांडण मी जिंकले होते त्याचा गोडवाही होता. चोरून खाल्ल्यासारखा.

त्यात तू त्या गुरुवारच्या रिपोर्टवर माझं नाव घातलंस. कुणीतरी म्हणालं, टेक्निशियनचं नाव लेखकांत कसं? तू म्हणालीस, "तारा तिने जोडल्यात, जुळवणी तिने केलीय, तिचं नाव नसेल तर माझंही काढा." माझं नाव इंग्रजीत छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या कागदावर. आणि त्याच कागदावर कारण चुकीचं लिहिलेलं, हे त्या नावांपैकी एकालाच माहीत होतं. उपकार केलेस गं माझ्यावर, आणि मी ते असे फेडले.

दोनदा सांगायला निघाले. एकदा मुद्दाम सतराला परत खाली न्यायला हात पुढे केला. गुपचूप. म्हटलं, रेघ खाली जाईल, तू खूश होशील, तुला वाटेल सापडलं. बोट बटणापर्यंत गेलं होतं. मग हात मागे घेतला. चुकून झालेलं लपवणं हे एक पाप, पण मुद्दाम हलवून तुला फसवायचं, आणि तुझ्याच नावाने? ते नाही जमलं. तेवढी तरी राहिले मी शुद्ध. तेवढीच.

दुसऱ्यांदा खारघरला तुझ्या घरी आले. तांदळाच्या भाकऱ्या घेऊन, तुला आवडायच्या त्या, हातावर थापलेल्या. येताना रिक्षात सगळं पाठ केलं होतं, अनघा, मला तुला एक सांगायचंय. तू पलंगावर उशांना टेकून, अंगभर ग्राफ पसरलेले. भाकरीचा तुकडा तोंडात धरलास, म्हणालीस, "चव कळत नाही गं, पण ऊब कळते." मग खिडकीकडे बघत होतीस. मी सुरुवात करणार, तर तूच बोललीस.

"मावशी, एकदाच झालं तरी झालं ना?"

"हो, झालं की."

"परत नाही जमलं तरी ते खोटं नाही ठरत. मी नसले तरी म्हणतील ना, एकदा जमवलं होतं हिने?"

"म्हणतील बाई."

"तेवढं एक आहे माझं."

पाठ केलेलं तसंच परत घेऊन मी उठले. भाकऱ्यांचा डबा तिथेच ठेवला आणि आले. डबा अजून तुमच्याकडेच आहे.

पण अनघा, घरी आल्यावर मला जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. मला वाटलं तुला पेढा हवाय. तुला का ते हवं होतं. दोन वर्षं तू तेच सांगत होतीस आणि मी तुझं ऐकलंच नाही. मी खरं सांगितलं असतं तर तू चिडली असतीस, रडली असतीस, आणि तिथल्या तिथे लॅपटॉप ओढून म्हणाली असतीस, सतरा किती खाली नेला होतास, आकडा सांग. एका दुपारचं काम. रेघ परत खाली गेली असती. परत, आणि परत. आणि ते तुझंच राहिलं असतं, कारण का ते तू शोधून काढलं असतंस. मी तुझं एक वाचवायला गेले आणि तुझ्याकडून तेच घेतलं.

तू गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी चिलर बंद पडला. पाइप नाही, मोटरच जळाली. आम्ही काही करायच्या आत फ्रिज तापत गेला, आणि तापता तापता बाहेरच्या हवेइतका झाला. नवी मोटर बसवून परत गार केला. तुला तर ठाऊकच आहे, एकदा चिप ऊब खाऊन परत गार झाली की आतल्या त्या बारीक खोटी आपापली जागा बदलतात. कुठली कुठे जाईल सांगता येत नाही. सतराच्या खालची खोट गेली. सतरा आता कुठेही ठेवा, शहाण्यासारखा वागतो. आता एकतीस छळतोय.

परवा बैठक होती. थॉमस सरांनी पडद्यावर तुझी रीडआऊटची मांडणी लावली आणि म्हणाले, पुढच्या चिपसाठी हीच पक्की करायची, आणि हिला नाव द्यायचं, अनघा सेटिंग. सगळ्यांचे डोळे भरून आले. आपल्या ग्रुपमधली ती कडक रेश्मा, तीसुद्धा चष्मा पुसत होती. मला दिसत होतं काय होणार. पुढची पोरं तुझ्या नावाने चुकीच्या जागी खणत बसणार, वर्षानुवर्षं. आणि जमलं नाही की तुझ्याच नावाला बोल लावणार.

मी उठले. म्हटलं, "सर, ते रीडआऊटने नव्हतं."

"मतलब?"

"सतरा नंबर मी हलवला होता. त्या गुरुवारी. अनघा आत झोपली होती तेव्हा. वहीत लिहिलं नाही. तिला सांगितलं नाही."

मग रेश्माने एकच विचारलं, "मावशी, किती खाली?" आकडा मला पाठ होता. तिने लगेच लावून पाहिला. रेघ हलली नाही. हलणार कशी, खोटच जागेवर नाही, शेजारीपाजारी सगळे सरकलेले. सरांनी दोन्ही रेघा पुन्हा एकदा बघितल्या. मग म्हणाले, "मावशी, अब पता नहीं चलेगा. तुमचं खरं असेल, रीडआऊट असेल, दोन्ही असेल. ते चिप तर राहिलं नाही आता." आणि पडद्यावरचं तुझं नाव त्यांनी हळूच पुसलं. रिपोर्टमध्ये आता लिहिलंय, एकदा झालं, कारण निश्चित नाही.

मी तुझं नाव पुसलं, अनघा. पण खोटं तुझ्या नावावर राहू दिलं नाही. यातलं कुठलं तुला चाललं असतं, मला माहीत आहे.

संध्याकाळी समीरला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिला कळलं असतं तर चिडली असती?" मी म्हटलं, फार. तर म्हणतो कसा, "मग बरं झालं मावशी, शेवटचे दिवस तिचे आनंदात गेले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." गुणी आहे गं तुझा नवरा.

ऑफिसातही सगळे असेच. बैठक संपल्यावर कुणी पाणी आणून दिलं, कुणी खुर्ची ओढली. रेश्मा मला घणसोलीपर्यंत गाडीने सोडायला आली, वाटेत म्हणाली, चुका होतात मावशी, आणि तुम्ही सांगितलंत हेच मोठं. थॉमस सरांनी मेसेज केला, दोन दिवस आराम करो, जुलवनी हम देख लेंगे. सगळे मऊ. माझ्या वयाकडे बघून मऊ, माझ्या रडण्याकडे बघून मऊ.

तू असतीस तर वही माझ्यापुढे आपटली असतीस. म्हणाली असतीस, सात आठवडे, मावशी, सात आठवडे माझ्याकडे होते कुठे गं. दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस, माझ्या हातचा चहा घेतला नसतास.

माफ करणारी माणसं मला पुष्कळ मिळाली गं. तुझ्यासारखं ओरडणारं मात्र आता कुणी उरलं नाही.